पाच शिलिंगांतली निओबी

(स्मृती-व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे मुद्रित रूप. बोलण्याच्या ओघातल्या पुनरुक्ती तेवढ्या गाळल्या आहेत.)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते जन्मभर शाळेत चित्रकला शिकवत राहिले. मूळ चित्रे त्यांनी मुलांना दाखवायची कुठून? मासिकांतली छापील चित्रे कापून पुठ्ठ्यावर चिकटवायची आणि वर्गात बाकाबाकांवरून फिरवायची, हाच त्यांचा मार्ग होता. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी मायकेलअँजेलो असा पाहिला, रेम्ब्रांट असा पाहिला. म्हणून आज मी मूळ चित्राबद्दल बोलणार नाही. एका छापाबद्दल बोलणार आहे.

पडद्यावर दिसते आहे ते तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर उतरवलेले छापचित्र आहे. उंची साधारण दीड फूट, रुंदी दोन फुटांच्या आतबाहेर. रंग एकच, शाईचा काळा. वादळ उठले आहे. झाडे एका अंगाला वाकली आहेत, कड्यांवरून पाणी कोसळते आहे, लांब आभाळ विजेने फाटले आहे. खाली खडकांत माणसे धावताहेत, पडताहेत, काही आधीच पडली आहेत. आणि वर, एका लहानशा ढगावर, धनुष्य ताणून एक देव बसला आहे.

चित्राच्या खाली बारीक अक्षरांत नावे आहेत. एका कोपऱ्यात रिचर्ड विल्सन, रंगवणारा. दुसऱ्या कोपऱ्यात विल्यम वूलेट, कोरणारा. आणि प्रकाशक जॉन बॉइडल, लंडन, १७६१. मूळ चित्र कंबरलंडच्या ड्यूककडे आहे, असाही उल्लेख आहे. १७४६ साली कलोडनच्या रणात स्कॉटिश बंडखोरांची कत्तल करून ‘खाटीक’ म्हणून बदनाम झालेला तो हाच ड्यूक. त्याने कोवळ्या पोरांच्या संहाराचे चित्र विकत घ्यावे, यावर मी काही टिप्पणी करत नाही.

कथा ग्रीक आहे. युरोपातल्या चित्रकारांना ती ओव्हिडच्या लॅटिन काव्यातून माहीत होती. थीब्जची राणी निओबी हिला सात मुलगे आणि सात मुली. लेटो या देवीला दोनच अपत्ये, अपोलो आणि आर्टेमिस. निओबी भर लोकांत म्हणाली, हिची कसली पूजा करता, माझी करा. लेटोच्या दोन मुलांनी मग बाण घेतले आणि निओबीची चौदाच्या चौदा मुले मारली. निओबी दगड झाली. त्या दगडातून अजून पाणी पाझरते, असे म्हणतात. रोममध्ये १५८३ साली या कथेचा एक मोठा प्राचीन शिल्पसमूह जमिनीतून निघाला आणि मेदिची घराण्याच्या बागेत गेला. विल्सन १७५०च्या दशकात रोममध्ये राहत होता तेव्हा ती शिल्पे तिथेच होती. पुढे ती फ्लॉरेन्सला नेली.

हा विल्सन वेल्समधला, १७१४चा जन्म. व्यक्तिचित्रे काढून पोट भरत असे. १७५०मध्ये इटलीला गेला आणि तिथे त्याला निसर्गचित्राकडे वळण्याचा सल्ला मिळाला. सल्ला देणाऱ्यांत एक फ्रेंच चित्रकार होता, जोसेफ व्हेर्ने. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. रोमच्या आसपासचा प्रदेश, तिथला प्रकाश आणि शंभर वर्षांपूर्वी क्लोद लोरॅं व निकोला पूसॅं या चित्रकारांनी त्या प्रदेशाची लावून दिलेली घडी, हे सगळे घेऊन विल्सन १७५७च्या सुमारास लंडनला परतला. अभिजात निसर्गचित्र म्हणतात ते हेच. नुसत्या डोंगराने किंवा नुसत्या झाडाने तिथे भागत नाही. डोंगरापुढे भग्न मंदिर हवे, झाडाखाली पुराणातली माणसे हवीत, आणि सगळ्यांची मांडणी नाटकाच्या रंगमंचासारखी हवी: दोन्ही बाजूंना काळोख्या झाडांचे पडदे, मधून आत जाणारी वाट, मागे दूरवर उजेड.

१७६०च्या एप्रिलमध्ये लंडनच्या कलावंतांनी आपल्या चित्रांचे पहिले सार्वजनिक प्रदर्शन भरवले. त्याआधी लंडनमध्ये समकालीन चित्रे बघायला सर्वांना मोकळ्या अशा जागा फारशा नव्हत्या. लोक लोटले. त्या प्रदर्शनात विल्सनची ‘निओबी’ होती आणि तिने विल्सनचे नाव केले. तरी नाव झाले म्हणजे किती लोकांत? प्रदर्शन उठले, चित्र ड्यूककडे गेले. ड्यूकच्या घरी ज्यांची ये-जा होती त्यांनी ते पाहिले असेल. बाकीच्यांना विल्सन दाखवला तो एका व्यापाऱ्याने आणि एका कारागिराने.

व्यापारी म्हणजे बॉइडल. तो स्वतः आधी कोरणारा होता, तोही बेताचा, आणि त्याला ते ठाऊक होते. ही जाण फार थोड्यांना असते. आपले हात चालणार नाहीत हे ओळखून त्याने दुकान मांडले. त्या काळी चांगले छापचित्र म्हणजे फ्रान्सचे, असे इंग्रज गिऱ्हाईक मानत असे. व्हेर्नेच्या ‘वादळ’ या चित्रावरून बालेशू नावाच्या फ्रेंच खोदकाराने केलेला छाप लंडनमध्ये गाजत होता. बॉइडलला तो मागवायचा होता. मोबदल्यात इंग्रजी छाप घ्या म्हणावे, तर पॅरिसचे व्यापारी ते घेईनात. रोख मोजा म्हणत. बॉइडलच्या मनात हा सल राहिला. फ्रेंचांनी मागणी करावी असा एक तरी छाप इंग्लंडात निघाला पाहिजे!

त्याने वूलेटला गाठले. वूलेट मेडस्टन गावचा, जेमतेम पंचविशीचा. आधी त्याच्याकडून क्लोदच्या एका चित्राचा छाप करून घेतला, मग ‘निओबी’ दिली. वूलेटने शंभर गिनी मागितल्या. निसर्गचित्राच्या पत्र्यासाठी असली रक्कम कोणी ऐकली नव्हती. बॉइडलने ती कबूल केली, आणि काम लांबत गेले तसे वर आणखी पैसे द्यावे लागले. एका प्रतीची किंमत ठेवली पाच शिलिंग, म्हणजे लंडनच्या मजुराची दोन-तीन दिवसांची कमाई. त्या एका पत्र्याने बॉइडलला सुमारे दोन हजार पौंड मिळवून दिले. आणि छाप फ्रान्सला गेला, भरपूर गेला. यातली गंमत बघा: व्हेर्नेच्या वादळाला बॉइडलने उत्तर दिले ते व्हेर्नेच्याच सल्ल्याने निसर्गचित्रकार झालेल्या विल्सनच्या वादळाने.

हे झाले बाजाराचे. आता पत्र्याकडे या. माझा खरा जीव तिथे आहे.

तैलचित्रात अंधार कसा करतात? गडद रंग लावून. पत्र्यावर गडद किंवा फिकट असा रंग नाहीच. तिथे फक्त खाच आहे. खाचेत शाई बसते, खाच नसेल तिथे कागद पांढरा राहतो. म्हणजे विल्सनने तपकिरी, हिरवे, करडे असे जे काही वापरले त्या सगळ्याचा हिशेब वूलेटला रेघेत मांडायचा: रेघ किती जाड, किती खोल, शेजारच्या रेघेपासून किती अंतरावर, सरळ की वळणाची, एकावर एक आडवी-तिडवी की एकेरी. शिवाय सगळे उलटे. कागदावर उजवीकडे यायचे ते पत्र्यावर डावीकडे. म्हणून खोदकार मूळ चित्राचे रेखाटन आरशात बघत काम करीत.

वूलेटची पद्धत अशी. घासून लख्ख केलेल्या तांब्यावर मेण-राळेचा पातळ थर द्यायचा, तो धुराने काळा करायचा, आणि सुईने त्यावर चित्र ओढायचे. सुई मेण खरवडते, तांबे उघडे पडते. मग पत्र्यावर तेजाब ओतायचे. उघड्या रेघा तेवढ्या खाल्ल्या जातात. याला आपले कलाविद्यार्थी आजही एचिंगच म्हणतात. पण खरी करामत पुढे आहे. दूरच्या डोंगरांच्या रेघा थोड्याशा खाल्ल्या गेल्या की तेजाब काढायचे, पत्रा धुवायचा, त्या रेघांवर वार्निश फिरवून त्या बंद करायच्या, आणि पुन्हा तेजाब ओतायचे. मधली झाडे आणखी थोडी खोल होतात. ती झाकायची. पुन्हा तेजाब. अगदी पुढचे खडक आणि बुंधे शेवटपर्यंत उघडे राहतात, म्हणून त्यांच्या रेघा सर्वांत खोल आणि रुंद. म्हणजे दुसऱ्या शब्दांत, या चित्रातले अंतर हे तेजाबात घालवलेल्या वेळाचे अंतर आहे. जवळचा खडक जास्त वेळ भिजला आहे, लांबचा डोंगर कमी.

त्यानंतर कोरणी. पोलादाची, टोकाशी तिरकी कापलेली, मूठ तळहातात दाबून धरायची. पत्रा वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवतात. वळणदार रेघ काढताना हात वळवत नाहीत. हात स्थिर ठेवून दुसऱ्या हाताने पत्रा फिरवतात. कोरणी पुढे रेटली की तांब्याचा केसासारखा बारीक कीस निघतो. तेजाबाने खाल्लेल्या रेघा थोड्या खडबडीत असतात. वूलेट त्यांत कोरणी घालून काही धारदार करी, काही मुद्दाम तशाच ठेवी. आणि काही ठिकाणी नुसत्या सुईने, तेजाबाशिवाय, इतका हलका ओरखडा काढी की तिथे शाई जेमतेम धरावी.

आता भिंग घेऊन चित्राच्या वरच्या भागाकडे बघा. आभाळातल्या रेघा नांगराच्या तासांसारख्या एकमेकींना समांतर गेल्या आहेत. ढगाच्या पोटाशी त्या किंचित फुगतात, उजेडाच्या कडेला निमुळत्या होत संपतात. त्यांच्यात एकही आडवी काट नाही असे वाटते तोच दुसरा, फार बारीक थर दिसतो, आणि ढगाला वजन येते. तिथून नजर खाली आणा. पुढच्या झाडाच्या सालीवर वेगळाच प्रकार आहे: आखूड, वळवळत्या, जणू अळ्यांनी कुरतडलेल्या रेघा, मधे मधे कागद पूर्ण कोरा. दोन हातांवरून बघाल तर त्या अळ्या दिसत नाहीत, साल दिसते. पाणी पुन्हा निराळे. पाण्यासाठी वूलेटची युरोपभर ख्याती होती, आणि ती कशामुळे ते इथे कळते: जिथे धार फुटते तिथे त्याने काहीच केलेले नाही. कडेच्या खडकाच्या काळ्या रेघा थांबतात आणि पांढरा कागद खाली कोसळतो.

एवढे सगळे मी सांगितले ते कौतुकासाठी नव्हे. यातून मला एक म्हणायचे आहे, आणि त्यासाठी सर जोशुआ रेनॉल्ड्सना साक्षीला बोलवावे लागेल. साक्ष अर्थात विरोधी पक्षाची.

रेनॉल्ड्स हे चित्रकार, आणि रॉयल अॅकॅडमी या लंडनच्या कलावंतांच्या संस्थेचे अध्यक्ष. १७८८च्या डिसेंबरमध्ये त्यांनी गेन्सबरो या चित्रकारावर व्याख्यान दिले. गेन्सबरो नुकताच वारला होता. बोलता बोलता ते विल्सनवर घसरले. विल्सन तोपर्यंत जाऊन सहा वर्षे झाली होती. रेनॉल्ड्सचा मुद्दा थोडक्यात असा: विल्सनचा निसर्ग इतका रोजचा, इतका खरा आहे की त्यात देवाला जागा नाही. वादळ उत्तम आहे, पण त्यात अपोलो आणून बसवला आहे तो ज्या ढगावर, तो ढग माणूस पेलण्याजोगा नाही. ना आकाराने, ना रूपाने.

आक्षेप मला पटतो. तैलचित्रापुढे तो खराच आहे. विल्सनने खडक रंगवला तो ओला, शेवाळलेला, वेल्सच्या डोंगरात बोटे लावून पाहिलेला. अशा खडकाच्या वर एक उघडा तरुण कापसाच्या पुंजक्यावर गुडघा टेकून धनुष्य ताणतो, हे डोळा मानत नाही. एकाच चौकटीत दोन प्रकारची सत्ये आहेत आणि त्यांचे आपसात जमत नाही.

छापात मात्र ते जमते. मी हे अनेकदा ताडून पाहिले आहे आणि दरवेळी माझे मत तेच राहिले. का जमते? कारण छापात खडकही रेघांचा, ढगही रेघांचा, देवही रेघांचाच. मुळात कुठलीच वस्तू खरी असल्याचा आव नाही. खडकाला रंग नाही, ओल नाही. आपण आधीच मान्य करून बसलो आहोत की हा सगळा तांब्यावरचा करार आहे. त्या कराराच्या जगात देव ढगावर बसला तर तक्रार कोण करणार? वूलेटने ढगाला दिलेल्या रेघा खडकाच्या रेघांच्या सख्ख्या बहिणी आहेत. ढग पेलतो! विल्सनच्या चित्रात जी फट होती ती वूलेटच्या पद्धतीनेच बुजवली. त्याला ती बुजवायची होती असे मी म्हणत नाही. पण नक्कल करणाऱ्याने मूळ चित्रातला दोष आपल्या माध्यमाच्या जोरावर घालवला, अशी उदाहरणे कलेच्या इतिहासात फारशी सापडत नाहीत, आणि सापडली तरी नक्कल म्हणून ती मोजली जात नाहीत.

ती मोजली जात नसत, याला कागदोपत्री पुरावा आहे. १७६८मध्ये रॉयल अॅकॅडमी स्थापन झाली तेव्हा विल्सन संस्थापक सदस्यांत होता. खोदकारांना मात्र सदस्यत्व नाही! त्यांच्यासाठी सहा सहयोगी जागा ठेवल्या, कनिष्ठ दर्जाच्या. युक्तिवाद असा की दुसऱ्याच्या कल्पनेवर जगणारा तो कलावंत कसला. रॉबर्ट स्ट्रेंज या नामवंत खोदकाराने १७७५मध्ये या अन्यायावर पुस्तिकाच काढली. अॅकॅडमीने पूर्ण दर्जाचे दार उघडले ते १८५५मध्ये. तोवर कोरणीचा धंदा बुडायला लागला होता. कायदा अॅकॅडमीपेक्षा बरा. चित्रकार-खोदकार हॉगार्थच्या खटपटीने १७३५मध्ये छापांना चौदा वर्षांचे संरक्षण मिळाले होते. १७६६च्या कायद्याने ते अठ्ठावीस वर्षांवर गेले आणि दुसऱ्याच्या चित्रावरून केलेल्या छापालाही लागू झाले. म्हणजे पार्लमेंटला जे समजले ते चित्रकारांना समजायला आणखी नव्वद वर्षे लागली.

पैशाची गत बघा. वूलेटने पुढे बेंजामिन वेस्टच्या ‘जनरल वुल्फचा मृत्यू’ या चित्राचा छाप केला, १७७६मध्ये. या वेळी तो शहाणा झाला होता. नुसती मजुरी न घेता त्याने नफ्यात भागी घेतली. हजारो पौंड मिळाले. एखादा मोठा पत्रा पुरा झाला की हा गृहस्थ घराच्या छपरावर चढून तोफ उडवी, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, त्याला शोभते. १७८५मध्ये तो वारला. वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये त्याची स्मृतिशिला आहे. बॉइडल लंडनचा लॉर्ड मेयर झाला आणि शेक्सपिअरच्या नाटकांवरच्या चित्रांचे भव्य दालन काढून अखेर कर्जात बुडाला, कारण फ्रान्सशी युद्ध पेटले आणि परदेशचा बाजार बंद झाला. ज्या बाजारावर तो उभा राहिला, तोच गेला. आणि विल्सन? गिऱ्हाईक आटले. अॅकॅडमीने दया येऊन त्याला १७७६मध्ये ग्रंथपाल नेमले. शेवटी नातेवाइकांकडे वेल्सला गेला आणि १७८२मध्ये तिथेच वारला. त्याच्या ‘निओबी’चे छाप तेव्हाही विकले जात होते.

आता तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल की हे सगळे लंडनचे झाले, आपला यात संबंध काय. ओढूनताणून संबंध लावायची मला हौस नाही. पण इथे तो खरोखर आहे.

विल्सन ‘निओबी’ रंगवत होता त्या वर्षांत त्याच्याकडे विल्यम हॉजेस नावाचा एक पोरगेला शिकाऊ होता. मिसरूड फुटायच्या वयाचा. अभिजात निसर्गचित्राची ती घडी, ते काळे पडदे आणि मागचा उजेड, त्याने गुरूच्या हाताखाली अंगी बाणवली. पुढे तो कॅप्टन कुकबरोबर पॅसिफिकमध्ये गेला, आणि १७८०मध्ये हिंदुस्थानात आला. त्याने पाहिलेल्या जागांत ग्वाल्हेरचा किल्ला आहे. तो किल्ला १७८०मध्ये इंग्रजांनी महादजी शिंद्यांच्या शिबंदीकडून रात्रीतून दोर लावून घेतला होता. १७८५ ते १७८८ या काळात हॉजेसने हिंदुस्थानच्या दृश्यांचे छाप प्रसिद्ध केले. त्यात ग्वाल्हेर आहे. बघताना वाटते की हा कडा मी आधी कुठेतरी पाहिला आहे. पाहिलेला असतो; तो विल्सनचा आहे.

पद्धत मात्र हॉजेसने बदलली. त्याचे छाप अॅक्वाटिंटचे, म्हणजे पत्र्यावर राळेची भुकटी पसरून तेजाबाने अख्खी छटाच खायला लावायची. रेघांची महिनोन्महिन्यांची मेहनत नको, शाई-पाण्याने रंगवल्यासारखा मऊ परिणाम मिळतो, काम भराभर उरकते. वूलेटच्या डोळ्यांनी ते चालवून घेतले नसते, असे मला वाटते. हीच पद्धत डॅनियल या इंग्रज चित्रकार काका-पुतण्यांनी घेतली, आणि त्यांनी १८०३मध्ये वेरूळच्या लेण्यांची चोवीस छापचित्रे काढली. मूळ रेखाटने त्यांची नव्हती. ती होती जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे आपण सर्वांनी पुस्तकांत पाहिलेले एकत्र चित्र याच वेल्सचे. पुण्याच्या रेसिडेन्सीच्या आश्रयाने तो काम करी आणि गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार त्याच्याबरोबर असे. वेरूळची रेखाटने गंगारामनेही केली. वेल्स १७९५मध्ये मुंबईजवळ वारला. आपल्या कामाचे छाप त्याने पाहिले नाहीत.

त्याच काळात, त्याच पुण्यात, नानांच्या आश्रयाला एक कारागीर तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरे उलटी कोरायला शिकत होता. गीता छापायची होती. पेशवाईची घडी विस्कटली तसा तो मिरजेला पटवर्धनांकडे गेला, आणि १८०५मध्ये मिरजेत त्या पत्र्यांवरून गीता छापून निघाली. आपल्याकडच्या छपाईच्या इतिहासात तिची नोंद पहिल्या पुस्तकांत होते, आणि ते बरोबरच आहे. माझे म्हणणे एवढेच की कधीतरी तिची पाने ग्रंथ म्हणून न बघता छापचित्र म्हणून बघावीत: भिंग घेऊन, अक्षराच्या वळणावर कोरणी कुठे रुतली आणि कुठे सटकली ते शोधत. प्रश्न विचारायचे असतील तर मी थांबतो. ‘निओबी’ची मोठी प्रत मागच्या टेबलावर ठेवली आहे, भिंगही तिथेच आहे.